तेलाच्या पैशातून ६१ हजार शाळा

१९७३ च्या अखेरीस तेल निर्यातदार देशांनी खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट केले. आयात करणाऱ्या गरीब देशांचं कंबरडं मोडलं, तर इंडोनेशियाच्या तिजोरीत डॉलरचा ओघ सुरू झाला. असा अवचित आलेला पैसा कुठे जिरतो हे जगाने अनेकदा पाहिलं आहे. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीने त्यातला एक हिस्सा प्राथमिक शाळांमध्ये घातला. ही राजवट लाखो माणसांच्या हत्याकांडातून सत्तेवर आली होती. तिने बांधलेल्या शाळांबद्दल लिहितानाही ते विसरून चालणार नाही. पण विकसनशील देशाला शिक्षणाची क्षमता वाढवायला किती पैसा लागतो, तो कुठे घालावा आणि फिटायला किती वर्षं लागतात, याची इतकी नेमकी उत्तरं देणारे उपक्रम जगात फार थोडे आहेत.

१९७३-७४ ते १९७८-७९ या सहा वर्षांत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या, म्हणजे दिवसाला सरासरी २८. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने आलेला निधी म्हणून लोक त्यांना ‘इनप्रेस’ (‘राष्ट्राध्यक्षांचा आदेश’ या अर्थाच्या इंडोनेशियन शब्दांचं लघुरूप) शाळा म्हणू लागले. एक शाळा म्हणजे तीन शिक्षक आणि १२० मुलं, असा आराखडा होता. खर्च आला १९९० च्या दराने ५० कोटी डॉलरहून अधिक. १९७३ सालच्या देशाच्या एकूण उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर सुमारे दीड टक्का.

शाळा कुठे बांधायच्या, याचा नियम मला या साऱ्या कार्यक्रमाचा कणा वाटतो. १९७२ मध्ये ज्या जिल्ह्यात जितकी मुलं शाळेबाहेर होती, त्या प्रमाणात त्या जिल्ह्याला नव्या शाळा. दुसरा निर्णयही तितकाच महत्त्वाचा होता. इमारत उभी राहिली की शिक्षक सरकारने नेमायचे आणि पगारही सरकारनेच द्यायचा. इमारतीचा खर्च एकदाच होतो, पगार मात्र तीस-तीस वर्षं दर महिन्याला द्यावा लागतो. अनेक देश इथेच अडखळतात. इंडोनेशियात १९७३ ते १९७८ दरम्यान शिक्षकांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढली, तरी किमान पात्रता असलेल्यांचं प्रमाण फारसं घसरलं नाही. याच काळात शाळेत जाणाऱ्या ७ ते १२ वयाच्या मुलांचं प्रमाण ६९ वरून ८३ टक्क्यांवर गेलं.

पण ही वाढ नव्या शाळांमुळेच झाली, हे कशावरून? देशात पैसा आला होता, कदाचित मुलं तशीही शाळेत गेली असती. एस्थर डुफ्लो यांनी हा प्रश्न घेतला. (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळालं.) त्यांनी १९९५ च्या सर्वेक्षणातले मोठे झालेले पुरुष घेतले. सुरुवातीला आकडे उलटंच सांगतात. जिथे जास्त शाळा बांधल्या, तिथले तरुण सरासरी ८.४९ वर्षं शिकलेले, तर जिथे कमी बांधल्या, तिथले ९.७६ वर्षं. साहजिकच आहे, कारण शाळा मुळात मागास जिल्ह्यांनाच जास्त मिळाल्या होत्या.

मग त्यांनी वय मध्ये आणलं. १९७४ मध्ये जो बारा वर्षांचा किंवा त्याहून मोठा होता, त्याला नव्या प्राथमिक शाळेचा जवळजवळ काहीच उपयोग नव्हता. जो तेव्हा दोन ते सहा वर्षांचा होता, त्याला पूर्ण लाभ मिळाला. जास्त शाळांच्या जिल्ह्यांत थोरल्यांपेक्षा धाकटे ०.४७ वर्षं अधिक शिकले, तर कमी शाळांच्या जिल्ह्यांत ०.३६ वर्षं. या दोन वाढींमधली तफावत, सुमारे ०.१२ वर्ष (वरचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंतच दिल्याने वजाबाकी ०.११ दिसते), ही शाळांची खरी कमाई. ही तफावत आधीपासूनच वाढत आली असेल, अशी शंका उरतेच. म्हणून त्यांनी हाच हिशेब लाभ न मिळालेल्या दोन थोरल्या वयोगटांवर करून पाहिला. तिथे उत्तर जवळपास शून्य आलं.

अधिक बारकाईने मोजल्यावर निघालं ते असं: दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढतं आणि पुढे मजुरी १.५ ते २.७ टक्क्यांनी. आकडा किरकोळ वाटेल, पण ही सरासरी जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांची आहे, जी तशीही शिकली असती त्यांच्यासकट.

मुलींच्या बाबतीत गोष्ट गुंतागुंतीची झाली. इंडोनेशियातल्या काही समाजांत लग्नात वराकडून वधूच्या घरी धन देण्याची चाल आहे आणि शिकलेल्या मुलीसाठी ते अधिक मिळतं. नव्या शाळांमुळे मुलींचं शिक्षण वाढलं ते अशाच समाजांत. जिथे ही चाल नव्हती तिथे वाढ दिसली नाही, असं पुढच्या एका अभ्यासात आढळलं. शाळा दारात आली तरी मुलीला तिथे पाठवण्याचा हिशेब घरातच होतो.

आणि नुसता पैसा ओतूनही भागत नाही, हेही याच देशाने दाखवलं. २००२ च्या घटनादुरुस्तीने अंदाजपत्रकाचा २० टक्के भाग शिक्षणासाठी बांधून दिला. २००५ च्या कायद्याने पात्रता प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकाला मूळ पगाराइतकाच भत्ता लागू केला. संशोधकांनी ३६० शाळांत याची चाचणी घेतली. शिक्षक अधिक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पण दोन-तीन वर्षांनंतरही मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. भत्ता शिकवण्याशी जोडलेलाच नव्हता. शिक्षकाला चांगला पगार मिळायलाच हवा, यात मला शंका नाही. पण तो मिळाला म्हणजे मूल शिकेल, असं धरून चालता येत नाही.

आपल्याकडे हा पेच कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या जे. पी. नाईक यांनी फार आधी ओळखला होता. ते भारत सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाचे, म्हणजेच कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर, हा आकडा त्याच आयोगाचा. १९८५-८६ पर्यंत गाठायचं ते उद्दिष्ट २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही उद्दिष्ट म्हणूनच उरलं आहे. संख्या, गुणवत्ता आणि समता हा त्रिकोण हाती लागणं किती अवघड, हे नाईक यांनी आवर्जून मांडलं.

इनप्रेस शाळांचा खर्च शेवटी कधी फिटला? चार दशकांनंतर संशोधकांनी त्या मुलांच्या मुलांपर्यंतचा माग काढला. वाढलेला कर आणि सुधारलेलं राहणीमान धरून बांधकामाचा खर्च ३० ते ४० वर्षांत भरून निघतो, असं त्यांना आढळलं. पुढच्या पिढीचं शिक्षणही वाढलं होतं, सर्वाधिक उच्च माध्यमिक आणि महाविद्यालयीन पातळीवर. मात्र हा वारसा आईकडून आला होता. वडिलांना त्या शाळांचा लाभ मिळाल्याने मुलांच्या शिक्षणात तशी वाढ दिसली नाही.