आल्फ्रेड : यक्षाच्या सल्ल्यापासून सेलर्स होमपर्यंत

आल्फ्रेड या नावात जुन्या इंग्रजीतले दोन शब्द आहेत, ‘एल्फ’ आणि ‘रेड’. रेड म्हणजे सल्ला, शहाणपण. एल्फ म्हटलं की आज टोकदार कानांची चिमुकली मंडळी डोळ्यांपुढे येतात, पण तेव्हाचा एल्फ एवढा गोजिरवाणा नव्हता. तो माणसाला आजार लावतो अशी समजूत होती आणि वैद्यकाच्या पोथ्यांत त्यावर उतारेही दिलेले आहेत. तरी राजघराण्यांत त्याच्या नावाने मुलांची नावं ठेवत. आपल्याकडे त्याला जवळचा यक्षच, तेव्हा आल्फ्रेड म्हणजे साधारण ‘यक्षमती’!

हाच ‘रेड’ एथेलरेडमध्ये आहे, अर्थ ‘थोर सल्ला’. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाचा खापरपणतू एथेलरेड डेन लोकांपुढे, म्हणजे डेन्मार्ककडून चालून आलेल्या व्हायकिंगांपुढे, हतबल झाला आणि पुढे लोकांनी त्याला ‘अनरेड’, म्हणजे सल्लाच नसलेला, करून टाकलं. या कोटीची गंमत आता इंग्रजांनाही कळत नाही; ते त्याला ‘अनरेडी’ म्हणतात.

आल्फ्रेड 871 मध्ये वेसेक्सचा, म्हणजे दक्षिण इंग्लंडातल्या एका राज्याचा, राजा झाला. 878 मध्ये तो अ‍ॅथेल्नीच्या दलदलीत लपला होता, त्याच वर्षी एडिंग्टनला त्याने डेन लोकांना हरवलं. लपलेला असताना त्याने गरिबाघरची भाकरी करपवली, ही गोष्ट मात्र फार नंतरची.

1066 नंतर फ्रान्समधून नॉर्मन राज्यकर्ते आले आणि घरोघर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड झाले. एडवर्ड टिकला, कारण त्या नावाचा राजा संत ठरला. आल्फ्रेड मागे पडला. अठराव्या शतकात देशाभिमानाला जुना राजा हवा होता, तेव्हा तो परतला. ‘रूल ब्रिटानिया’ हे गाणं मुळात ‘आल्फ्रेड’ नावाच्या 1740 मधल्या संगीत खेळातलं. तिसऱ्या जॉर्जने आणि पुढे व्हिक्टोरिया राणीने एकेका मुलाचं नाव आल्फ्रेड ठेवलं आणि मग गल्लीबोळांत आल्फ, फ्रेड झाले. विसाव्या शतकात नाव आजोबांचं वाटू लागलं. आता ते ‘आल्फी’ होऊन बारशाला आलं आहे.

भारतातला आल्फ्रेड हा वेसेक्सचा नव्हे, व्हिक्टोरियाचा. हा राजपुत्र 1870 मध्ये मुंबईत आला, त्याच्या नावाचं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे खलाशांचं वसतिगृह, आज राज्याचं पोलीस मुख्यालय आहे. गांधीजींच्या राजकोटच्या शाळेलाही त्याचंच नाव मिळालं. अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये 27 फेब्रुवारी 1931 रोजी चंद्रशेखर आझाद पोलिसांशी लढत गेले. ती बाग आता आझादांच्या नावाने ओळखली जाते.