डिफरन्शियल बदल, जुन्या मोटारींतील
मागील चाकांवर चालणाऱ्या जुन्या मोटारीचा झिजलेला किंवा आवाज करू लागलेला डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी मागील आसातील दातेरी चक्रांची जुळणी) काढून त्याजागी दुसरा, बहुधा वेगळ्या गुणोत्तराचा, बसवणे. क्राऊनचे (आसातील मोठ्या दातेरी चक्राचे) दाते भागिले टेल पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राचे) दाते म्हणजे अंतिम गुणोत्तर. आकडा मोठा असेल तर गाडी चढाला दमदार, लहान असेल तर सपाटीवर इंजिन निवांत.

डिफरन्शियलच्या उगमाविषयी एकमत नाही. वाहनासाठी त्याचा वापर करण्याचे श्रेय सामान्यतः पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यांना देतात. त्यांच्या वाफेच्या गाडीचे पेटंट १८२७-२८ च्या सुमाराचे. चीनमधील मा जुन यांच्या दक्षिणदर्शक रथात (इ. स. तिसरे शतक; रथ कुठेही वळला तरी त्यावरची मूर्ती दक्षिणेकडेच बोट दाखवी) हीच योजना असावी, असे जॉर्ज लँचेस्टर यांनी १९४७ मध्ये सुचवले. मूळ रथ मात्र उरलेला नाही, आणि चीनच्या सोंग राजवटीतील वर्णनांचा अर्थ चक्रे आळीपाळीने जोडण्या-सोडण्यानेही लागतो; तोच अर्थ अधिक सरळ वाटतो. अँटिकिथेरा या खगोलगणिताच्या प्राचीन ग्रीक यंत्रात डिफरन्शियल असल्याचे डेरेक प्राइस यांचे १९७४ मधील मतही पुढील अभ्यासात टिकले नाही.

गुणोत्तर निवडीचे चांगले उदाहरण ब्रिटिश एमजी मोटारींचे. एमजीए (१९५५–६२) मध्ये मुळात ४.३ म्हणजे ४३/१० होते. १९६१ च्या १६०० मार्क टूमध्ये ४.१ (४१/१०) आले, तर १९६२ पासूनच्या एमजीबीत ३.९०९ (४३/११). सुरुवातीच्या एमजीबीचा बँजो आस (ज्यातून डिफरन्शियल वेगळा काढता येतो असा मागचा आस) एमजीएच्याच कुळातला असल्यामुळे हा ३.९ चा संच एमजीएत बसवण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) ओढून घेतले की डिफरन्शियल पुढच्या बाजूने अख्खा निघतो. शाफ्टच्या टोकाच्या खाचा जुळतात का, हे आधी पाहावे लागते. सॅलिसबरी हा दुसऱ्या प्रकारचा आस एमजीबीच्या जीटी या बंद छताच्या मोटारीत १९६५ पासून आणि उघड्या मोटारीत १९६७ च्या सुमारास आला. त्यात चक्रे आसाच्या घरातच बसवलेली असल्याने अख्खा आस बदलणे बहुधा सोपे पडते.

एमजीएच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर धरला, तर ४.३ वर चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० किमीला इंजिनाचे मिनिटाला सुमारे ३,६७५ फेरे होतात, ३.९०९ वर ३,३४०. एवढ्या फरकाला जुने १,५०० सीसी इंजिन पुरते. त्यापलीकडे जाताना जपावे. एमजीबी जीटी व्ही८ चे ३.०७ गुणोत्तर साडेतीन लिटरच्या इंजिनासाठी आहे. १,८०० सीसीच्या गाडीत ते आणि ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे आणखी कमी करणारा जादा गिअर, सुमारे ०.८) दोन्ही असतील, तर परिणामी आकडा अडीचच्या आसपास येतो आणि साध्या चढालाही खालचा गिअर घ्यावा लागतो. ओव्हरड्राइव्ह असेल तर मूळ ३.९ च ठेवावे, हे मत अधिक ग्राह्य.

गाडीत नेमके कोणते गुणोत्तर आहे, हे कागदांवरून ठरवू नये. साठ वर्षांत आस कितीदा बदलला कोण जाणे. क्राऊनच्या कडेवर दात्यांची संख्या कोरलेली आढळते. न उघडता पाहायचे तर एकच चाक उचलून दोन पूर्ण फेरे फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यास प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंतच्या दांड्याचे) तेवढ्यात जितके फेरे होतील, तेच गुणोत्तर.

क्राऊन व पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून जोडी फोडत नाहीत. शिम (पातळ चकत्या) घालून पिनियनची खोली आणि दात्यांमधील मोकळीक नव्याने साधावी लागते. स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्समधून येत असल्यामुळे ४.३ चे ३.९ केल्यावर काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी ११० ने धावत असते. मीटर नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

भारतातील अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ वरून आली आणि तिचे १,४८९ सीसी इंजिन एमजीएच्या इंजिनाच्याच घराण्यातले. इंजिनाचे नाते असले, तरी तेवढ्यावरून तिचे टेल पिनियन एमजीत बसेल असे धरता येत नाही.