पानावरचा थेंब: दव की बिंदुस्राव?

जानेवारीतल्या सकाळी पुण्यातल्या सारसबागेच्या हिरवळीवर अनवाणी चाललं की पाय ओले होतात. त्याच सकाळी वेताळ टेकडीवर गेलात तर तिथलं वाळून पिवळं पडलेलं गवतही हाताला ओलं लागतं. दोन्हीकडे दव पडलंय असं आपण धरून चालतो. टेकडीवर ते बरोबर आहे. वाळलेल्या पात्यात जीव नाही, मुळं काम करत नाहीत, त्यामुळे त्याच्यावरचं पाणी हवेतूनच आलेलं असणार. हिरवळीचं तसं नाही. तिथल्या जिवंत, नेमाने पाणी मिळणाऱ्या गवताच्या अगदी टोकावर जे टपोरे थेंब दिसतात, त्यातले कितीतरी हवेतून आलेलेच नसतात. मुळांनी मातीतून घेतलेलं पाणी रात्रभरात पात्याच्या टोकापर्यंत चढतं आणि तिथून बाहेर पडतं. या क्रियेला बिंदुस्राव म्हणतात. कॉलेजात गेल्यावर मुलांना हीच गोष्ट गटेशन या नावाने भेटते.

दिसायला दोन्ही थेंब सारखे, वेळ एकच, ऊन चढलं की दोन्ही नाहीसे होतात. म्हणून गोंधळ होतो, आणि तो फक्त मुलांचा होतो असंही नाही. पण एक घटना हवेची आहे आणि दुसरी वनस्पतीची. दवाला झाड लागतच नाही. बिंदुस्रावाला जिवंत मूळ लागतं.

आधी दवाचं पाहू, ते सोपं आहे. हवेत पाण्याची वाफ असते आणि हवा जितकी गार, तितकी कमी वाफ तिच्यात मावते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना जेमतेम ९.४ ग्रॅम. समजा, संध्याकाळी तापमान २० अंश आहे आणि हवेत घनमीटरमागे ९.४ ग्रॅम वाफ आहे. तेव्हा हवा कोरडीच वाटेल. पण पहाटे गवताचं पातं १० अंशांच्या खाली गेलं, तर त्याला टेकलेल्या हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही आणि ती पात्यावर पाणी होऊन बसते. ज्या तापमानाला हे सुरू होतं तो दवबिंदू.

पातं गार का होतं, हा खरा प्रश्न. निरभ्र रात्री जमिनीवरच्या वस्तू आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहतात. पातळ पात्यात उष्णतेचा साठा तो कितीसा, त्यामुळे ते आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. आकाशात ढग असले तर ते त्यातली बरीच उष्णता परत खाली धाडतात. वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. म्हणून दवाला स्वच्छ आणि पडलेल्या वाऱ्याची रात्र हवी. लंडनमधले डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ साली हे प्रयोगांनिशी मांडलं. त्यांनी जमिनीपासून उंच धरलेल्या फळीच्या वर आणि खाली लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवले. सकाळी वरच्या पुंजक्यात जास्त पाणी भरलेलं होतं, खालच्यात कमी. दव आभाळातून पावसासारखं खाली पडतं असं मानणाऱ्याला या निकालाने आनंद झाला असता. पण वेल्स यांनी थर्मामीटर लावून दाखवलं की उघड्या आकाशाखालची वस्तू आधी गार होते आणि मग तिच्यावर पाणी साचतं. फळीच्या आडोशाला असलेली लोकर तेवढी गार होत नाही, म्हणून तिच्यावर दव कमी.

आता बिंदुस्राव. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण शाळेत मूलदाब हा शब्द पाठ होतो, पण तो डोळ्यांनी बघता येतो हे सांगायचं राहून जातं.

मुळाच्या पेशी मातीतले खनिज क्षार ऊर्जा खर्च करून आत ओढतात आणि जलवाहिन्यांमध्ये भरतात. आतला द्रव मातीतल्या पाण्यापेक्षा दाट झाला की परासरणाने पाणी त्याच्यामागे आत येतं. दिवसा या पाण्याला वर जायला मोकळी वाट असते. पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडी असतात, बाष्पोच्छ्वास, म्हणजे त्यांतून पाणी वाफ होऊन बाहेर जाणं, चालू असतो आणि पानं पाणी वर खेचून घेत असतात. जलवाहिन्यांमधला पाण्याचा स्तंभ तेव्हा ताणलेला असतो. रात्री पर्णरंध्रं मिटतात आणि ही ओढ जवळपास थांबते. मुळं मात्र क्षार भरत राहतात, पाणी आत येत राहतं. आता ओढीच्या जागी दाब तयार होतो. हा मूलदाब. तो साधारण एक-दोन वातावरणांइतका असतो. गवत, भाजीपाला, रोपं यांच्या टोकापर्यंत पाणी पोचवायला तो पुरून उरतो. पुण्यातल्या जुन्या रस्त्यांवरच्या उंच वडांच्या शेंड्यापर्यंत पाणी जातं ते मूलदाबाने नाही, तिथे दिवसाची बाष्पोच्छ्वासाची ओढच लागते.

दाबाखालचं पाणी बाहेर पडतं ते जलरंध्रांतून. पानातल्या शिरा जिथे संपतात तिथे, म्हणजे पात्याच्या टोकाशी किंवा पानाच्या कडेवरच्या दात्यांशी, ही बारीक छिद्रं असतात. त्यांची घडण पर्णरंध्रासारखीच असते, पण त्यांना मिटता येत नाही. म्हणून थेंब ठरलेल्या जागीच येतात. गहू, भात, हरळी यांच्यात पात्याच्या टोकाला. टोमॅटो, कोबी, स्ट्रॉबेरी यांच्यात कडेने, दात्यागणिक एक. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात पहाटे गेलात तर पानाभोवती मण्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. परसातल्या अळवाचं पान तर पहाटे टोकातून टपटप गळत असतं. पानाच्या पृष्ठभागावर इकडेतिकडे घरंगळणारे थेंब पावसाचे किंवा दवाचे, आणि टोकाला लोंबणारा थेंब आतून आलेला. एकाच पानावर दोन्ही बघायचे असतील तर अळवासारखं झाड नाही.

शंका अजून राहिली असेल, तर नवरात्रातला घट आठवून पाहा. पत्रावळीत माती पसरून त्यात गहू किंवा इतर धान्य पेरतात, मधोमध मातीचा घट. घटातून पाणी झिरपतं, माती सतत ओलसर राहते. चार-पाच दिवसांत धान बोटभर वाढतं आणि सकाळी देवासमोर गेलं की प्रत्येक कोंबाच्या टोकावर एकेक चमकता थेंब असतो. वर छप्पर, जवळ नंदादीप, बंद खोली. तिथे पातं उघड्या आकाशाखाली गार होण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणजे दवाचा प्रश्न मिटला. तो थेंब त्या इवल्या मुळांनी वर ढकललेला आहे. जीवशास्त्राचा इतका सुंदर प्रयोग दरवर्षी आपल्या घरात मांडलेला असतो, तो मुलांना दाखवलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मुळातून येणारा हा दाब प्रथम नीट मोजला तो इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी. १७२७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये छाटलेल्या द्राक्षवेलीच्या खुंटाला काचेची नळी जोडून तिच्यात रस कित्येक फूट वर चढताना पाहिल्याची नोंद आहे. खुंटाला पान नव्हतं, म्हणजे वरून खेचणारं कोणी नव्हतं. ढकलणारं मूळच.

उत्तरपत्रिकांत वारंवार सापडणारं एक वाक्य इथेच दुरुस्त करायला हवं: ‘सकाळी पानांवर बाष्पोच्छ्वासामुळे पाण्याचे थेंब दिसतात.’ नाही. बाष्पोच्छ्वासात पाणी वाफ होऊन पर्णरंध्रातून जातं, ते डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा जोर दिवसा असतो. बिंदुस्रावात पाणी द्रवरूपातच बाहेर येतं, जलरंध्रातून, आणि ते बहुधा बाष्पोच्छ्वास थंडावल्यावरच. फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून दाखवतात त्या प्रयोगात पिशवीच्या आत थेंब दिसतात हे खरं, पण ती वाफ पिशवीला लागून पुन्हा पाणी झालेली असते. पानावर ती थेंबाच्या रूपात आलेली नसते.

मग समोरचा थेंब कोणता हे ओळखायचं कसं? पहिली खूण जागेची. सगळ्या पानभर, मागच्यापुढच्या गवतावर, काडीकचऱ्यावर सारखी बारीक ओल असेल तर दव. फक्त टोकं आणि कडा धरून मोठे, मोजता येण्याजोगे थेंब असतील तर बिंदुस्राव. दुसरी खूण शेजाऱ्यांची. बाजूचा बाक, दगड, स्कूटरची सीट पाहा. त्या कोरड्या आणि गवताची टोकं ओली, तर निकाल लागला. तिसरी मला सगळ्यात आवडते. मोठ्या झाडाखालच्या गवताकडे जा. झाडाची छत्री उष्णता अडवते, म्हणून तिच्याखाली दव फार कमी येतं. तिथेही पात्यांच्या टोकाला थेंब असतील तर ते मुळांकडून आलेले. आणि एक थेंब टिपकागदाने टिपून थोडा वेळ थांबा. ऊन चढायच्या आत त्याच टोकावर नवा थेंब फुगत येताना दिसला, तर आणखी पुरावा नको.

थेंब काचपट्टीवर वाळवला तरी फरक कळतो. दव म्हणजे जवळजवळ शुद्ध पाणी. बिंदुस्रावाच्या पाण्यात क्षार, थोडी साखर, अमिनो आम्लं असतात, त्यामुळे वाळल्यावर पांढुरका डाग उरतो. कुंडीत खत जास्त पडलं असेल तर पानांच्या टोकांवर असे पांढरे कण साचतात आणि कधीकधी टोकं करपतातही.

वर्गात करायचं असेल तर दोन सारख्या कुंड्यांत गव्हांकुर वाढवा. एका कुंडीला संध्याकाळी भरपूर पाणी द्या, दुसरीला दोन दिवस आधीपासून देऊ नका. दोन्ही रात्री खोलीतच, काचेच्या मोठ्या बरणीखाली ठेवा. सकाळी पाणी दिलेल्या कुंडीत टोकाटोकांवर थेंब येतील. दुसरीत बहुधा येणार नाहीत. बरणीच्या आतल्या बाजूला आलेला दमटपणा वेगळा मोजायचा, तो पुन्हा पाणी झालेली वाफच आहे. एका रात्रीत मुलांना ओलसर माती, दमट हवा आणि जिवंत मूळ या तिन्ही अटी समजतात.

पुण्याच्या ऋतूंचाही या ओळखीत हात आहे. ऑगस्टमध्ये माती चिंब, हवा दमट, रात्रभर आभाळ भरलेलं. बिंदुस्रावाला याहून चांगले दिवस नाहीत, पण ढगांमुळे दव मात्र क्वचित. पाऊस न झालेल्या श्रावणातल्या सकाळी पानांच्या टोकावर पाणी दिसलं तर आधी मुळांकडे बोट दाखवावं. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, रात्री गार, पाषाणसारख्या मोकळ्या भागात तर शिवाजीनगरपेक्षा जास्तच. तेव्हा दव भरपूर, आणि पाणी दिलेल्या बागेत त्यासोबत बिंदुस्रावही. या दिवसांत हिरवळीवरचा प्रत्येक थेंब वेगळा काढता येईलच असं नाही, कारण टोकावरच्या थेंबात दोन्ही पाणी मिसळलेलं असू शकतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दोन्ही दुर्मीळ.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा प्रकार मनीप्लांटमुळे ठाऊक असतो. सकाळी पानाच्या टोकाशी थेंब, खाली टेबलावर डाग. झाड आजारी नसतं, माती फार ओली आहे एवढंच ते सांगतंय. रात्रीचं पाणी बंद करून सकाळी थोडं दिलं की बहुतेक वेळा थांबतं. आंब्याच्या झाडाखाली लावलेल्या गाडीवरचे चिकट ठिपके मात्र यात धरू नयेत. तो तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींनी टाकलेला गोड चिकटा असतो.

शेतात हा फरक थेट पिकाशी येऊन भिडतो. दवाने पान कित्येक तास ओलं राहिलं की बुरशीचे बीजाणू रुजतात. द्राक्षबागाईतदार केवडा या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने म्हणूनच पहाटेच्या दवावर डोळा ठेवून असतात. बिंदुस्रावाचा धोका निराळा. जलरंध्र मिटत नाही, म्हणजे ते जंतूंसाठी कायम उघडं दार. रात्री बाहेर आलेला थेंब सकाळी काही अंशी आत शोषला जातो आणि त्यात पडलेले जिवाणूही सोबत जातात. भातावरचा जिवाणूजन्य करपा याच वाटेने पानात शिरतो, आणि म्हणून तो पात्याच्या टोकापासून आणि कडांपासून पिवळा पडत खाली उतरताना दिसतो. मावळ-मुळशीत इंद्रायणी भात लावणाऱ्यांना ही कडेने उतरणारी पट्टी दाखवली की ते लगेच ओळखतात. कोबीवरचा घाण्या रोगही जलरंध्रातूनच शिरतो. पानाच्या कडेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग पडतो, त्याचं टोक शिरेकडे असतं, आणि शिरा काळ्या पडत जातात. मक्याच्या बाबतीत २००९ साली इटलीतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बियाण्याला लावलेलं निओनिकोटिनॉइड कीटकनाशक कोवळ्या रोपाच्या या थेंबांत उतरतं, आणि ते पाणी प्यायलेल्या मधमाश्या मरतात. दवाच्या पाण्यात हे असं घडू शकत नाही, कारण ते झाडाच्या आतून आलेलंच नसतं.

म्हणून कोबीच्या वाफ्यात पानांच्या कडा ओल्या असताना खुरपणी किंवा तोडणी करू नये. थेंब वाळेपर्यंत थांबावं, कारण ओल्या पानांतून फिरताना हातांनी आणि कपड्यांनी जिवाणू एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जातात.