नडगीतलं खोदकाम

मे महिन्यात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात पहाटे पाचलाच पोरं जमतात. सात वाजले की नागपूरचं ऊन अंगावर धावून येतं, त्यामुळे सराव त्याआधी उरकावा लागतो. आम्ही कॉलेजात होतो तेव्हाची अशीच एक पहाट. आमच्या चमूतली सगळ्यात वेगवान मुलगी चौथ्या फेरीनंतर थांबली आणि म्हणाली, "सर, नडगीत दुखून राहिलं." सरांनी विचारलं, कुठे? तिने एका जागेवर एक बोट ठेवलं.

सरांनी पट्टी बांधून दिली. घरच्यांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. मग सगळ्यांना वाटलं की ही घाबरते आहे. तिलाही तसंच वाटायला लागलं. ती आणखी तीन आठवडे धावली. दुसऱ्या एक्स-रेत त्याच जागी हाडाभोवती पांढुरका ढग दिसला. विद्यापीठाची क्रॉस-कंट्री हुकली. पुढच्या वर्षी दुसऱ्या पायाचं तेच झालं आणि एकोणिसाव्या वर्षी तिने स्पाइक्स कायमचे काढून ठेवले. मी तिच्या मागे धावायचे. शेवटच्या दोन फेऱ्यांत ती किती सहज दूर जायची, ते आजही डोळ्यांपुढे येतं. तिच्या पायात नेमकं काय घडत होतं, ते मला कळायला मात्र पुष्कळ वर्षं लागली.

या दुखण्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडून, आदळून हाड मोडतं तसं हे नसतं. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ साली याचं पहिलं वर्णन केलं. लांबच्या कवायतीनंतर सैनिकांची पावलं सुजत आणि दुखत, पण मार लागल्याची खूण कुठेच नसे. एक्स-रेचा शोध लागायला अजून ४० वर्षं होती. ती यंत्रं आल्यावर कळलं की सुजेच्या आत हाडाला बारीक चीर आहे.

चीर पडते कशी? तार एकदा वाकवली तर काही होत नाही, पण तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धावताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. त्यात पोटरीच्या स्नायूंची ओढ मिळवली तर नडगीच्या हाडावरचा दाब वजनाच्या सहा-सात पट किंवा त्याहूनही जास्त होतो. किलोमीटरला पाच मिनिटं आणि मिनिटाला १७० पावलं धरली, तर दहा किलोमीटरमध्ये प्रत्येक पायावर असे सव्वाचार हजार झटके बसतात. हाडात सूक्ष्म भेगा पडतात आणि त्या पडणं अगदी नैसर्गिक आहे.

तारेहून हाड वेगळं ठरतं ते इथे. हाड जिवंत आहे, ते स्वतःची डागडुजी करतं. नागपूरकराला ही डागडुजी समजावणं सोपं आहे, कारण डांबरी रस्ता सिमेंटचा करायचा तर आधी तो खोदावा लागतो हे आपण गल्लोगल्ली पाहिलं आहे. हाडातही तसंच चालतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी भेगाळलेला भाग कुरतडून काढतात. या खोदकामाला सुमारे तीन आठवडे लागतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवं हाड भरतात, त्याला सुमारे तीन महिने लागतात. त्यात खनिजं मुरून ते पुरतं टणक व्हायला आणखी कित्येक महिने जातात. म्हणजे सराव एकदम वाढवला की हाड मजबूत होण्याआधी काही काळ कमकुवत होतं. रस्ता खोदलेला असतो आणि वरून वाहतूक दुप्पट झालेली असते. नव्या रंगरुटांना स्ट्रेस फ्रॅक्चर प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच जास्त होतात, त्याचं हे मोठं कारण आहे.

आता दुसरीकडे बघा. सराव सुरू केल्यावर रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव भाग, काही दिवसांतच वाढतो. स्नायूंमधली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, सहा-आठ आठवड्यांत चांगलीच वाढतात. दम टिकतो, वेळ सुधारते. ज्याला उपजतच मोठं हृदय आणि चांगली फुफ्फुसं मिळाली आहेत, त्याची प्रगती तर डोळे दिपवणारी असते. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. सामान्य मुलाला दम लागतो आणि तो थांबतो, त्यामुळे त्याची हाडं आपोआप वाचतात. गुणी मुलाला दम लागतच नाही. ते मूल धावत राहतं, सर खूश होतात, पुढच्या आठवड्यात अंतर वाढतं.

वेगाचा हिशेब तर आणखी कडक आहे. प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून असा अंदाज आहे की हाडावरचा ताण दहा टक्के वाढला, तर ते जितके झटके सोसू शकतं त्यांची संख्या जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे किलोमीटर तेवढेच ठेवून नुसता वेग वाढवणं हाडाच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही.

वाढत्या वयात आणखी एक पेच असतो. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते. हाडांत खनिज भरण्याचा वेग मात्र त्यानंतर सहा महिने ते वर्षभराने शिखर गाठतो. मधल्या काळात हाड लांब झालेलं असतं, पण भरलेलं नसतं. आंतरशालेय स्पर्धांत हिरे शोधायचं वय नेमकं हेच!

एक ऊती पुढे आणि दुसरी मागे, हे हाडापुरतंच नाही. अमेरिकेची मेरी डेकर १९७३ साली, चौदा वर्षांची असताना, मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती जिंकत होती. पुढे पायाच्या दुखण्याने तिचं १९७६चं ऑलिंपिक गेलं. तिच्या पोटरीचे स्नायू त्यांच्यावरच्या आवरणात मावेनासे झाले होते. हे आवरण फारसं ताणत नाही, त्यामुळे धावताना आत दाब वाढतो. शस्त्रक्रियेने ते मोकळं करावं लागलं. १९८३ साली हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत तिने १५०० आणि ३००० मीटर दोन्ही जिंकल्या, म्हणून तिची कथा सांगितली जाते. अशा बहुतेक कथा तिथवर पोचत नाहीत.

अमेरिकेचीच धावपटू मेरी केन हिची कथा अलीकडची. २०१३ साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत ती सतराव्या वर्षी १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली. २०१९ साली तिने जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली होती.

यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या मैदानांवर हे कुणी बोलत नाही. ४२ किलोची एक धावपटू घ्या. चरबी वगळता तिचं वजन ३५ किलो धरू. रोज दहा किलोमीटर धावायला साधारण ४२० कॅलरी जातात. ती दिवसभरात १४०० कॅलरी खात असेल, तर बाकी शरीरासाठी ९८० उरल्या, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोला २८. हा आकडा ३०च्या खाली गेला की मेंदू हात आखडता घेतो, असं प्रौढ स्त्रियांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पाळीचे संप्रेरक मंदावतात, त्यात इस्ट्रोजेन कमी होतं, आणि ऑस्टिओक्लास्टला आवर घालणारं इस्ट्रोजेनच असतं. खोदकाम चालू राहतं, भरणी थंडावते. वाढत्या मुलीला तर ३०हून कितीतरी जास्त लागतं. "पाळी बंद झाली म्हणजे सराव नीट चालला आहे," हे वाक्य मी मैदानावर स्वतः ऐकलं आहे. ते ऐकून मी गप्प राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं. मुलांचंही वेगळं नाही. कमी खाऊन जास्त धावलं की त्यांचं टेस्टोस्टेरॉन घटतं आणि हाडाला त्याचीही झळ बसते.

सिमेंटच्या रस्त्यांना आपल्याकडे फार दोष दिला जातो. माझ्या मते तो थोडा जास्तच दिला जातो. जमीन कडक असली की पाय आपोआप जरा मऊ पडतो आणि मऊ असली की ताठ, हे प्रयोगांत मोजलं गेलं आहे. धोका आहे तो अचानक बदलात. वर्षभर मातीवर धावायचं आणि स्पर्धेच्या तोंडावर एकदम वर्धा रोड गाठायचा, हे टाळावं.

उलट ज्या गोष्टीचं आपण कौतुक करत नाही, ती म्हणजे खेळ. ठरावीक झटके बसल्यावर हाडातल्या पेशी त्यांना प्रतिसाद देणं कमी करतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलं. म्हणजे हाड घडवायला हजारो सारखी पावलं लागत नाहीत. थोड्याच पण वेगवेगळ्या दिशांच्या उड्या पुरतात. लहानपणी बास्केटबॉल, फुटबॉल खेळलेल्या धावपटूंना पुढे स्ट्रेस फ्रॅक्चर कमी होतात, असंही दिसलं आहे. खो-खोतलं वळणं, लंगडीतली उडी, कबड्डीतलं झेपावणं याच जातीचं आहे. बाराव्या वर्षी पोराला खो-खोतून काढून फक्त ३००० मीटरला लावणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आणि ते एक बोट. नडगीच्या आतल्या कडेवर वीतभर पसरलेलं दुखणं, ज्याला भरतीची पोरं शिन पेन म्हणतात, बहुतेकदा सराव कमी केल्यावर शांत होतं. एका बोटाने दाखवता येणारं, दाबल्यावर कळ येणारं, रात्री पडल्यावरही ठणकणारं दुखणं वेगळं. ते पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. भरून येणारं हाड दिसायला दोन-तीन आठवडे जातात. एमआरआयमध्ये मात्र ते लवकर कळतं. वेळेत थांबलं तर नडगीच्या आतल्या कडेची चीर बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरते. नडगीच्या पुढच्या बाजूची किंवा मांडीच्या हाडाच्या मानेची चीर मात्र हट्टी असते, तिथे कधी कधी शस्त्रक्रियाही लागते.

गेल्या महिन्यात रवीनगरच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा पाय दाबत बसला होता. भरतीत १६०० मीटर धावायचं असतं आणि त्याची वेळ छान येत होती. मी विचारलं, कुठे दुखतं? त्याने एक बोट ठेवलं. एमआरआयबद्दल, दोन महिन्यांबद्दल, हाड भरण्याबद्दल मला येतं तेवढं सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"पण ताई," तो म्हणाला, "भरती पुढच्याच महिन्यात आहे ना."