सुव्यवस्था-रक्षण आणि आधुनिक पोलीसकार्य

सुव्यवस्था-रक्षण म्हणजे रस्त्यावरची दारूबाजी, भांडणे, भिंती विद्रूप करणे, विनातिकीट प्रवास अशा किरकोळ उपद्रवांना आवर घालण्याचे पोलिसांचे काम. काम जुनेच, त्याला सिद्धांताचे आणि धोरणाचे रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत.

गस्तीवरच्या शिपायाची भूमिका कायदा बजावण्यापेक्षा सुव्यवस्था राखण्यातून अधिक घडते, असे राज्यशास्त्रज्ञ जेम्स क्यू. विल्सन यांनी १९६८ मध्ये मांडले. पुढे १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत एक प्रयोग झाला. काही भागांत गाडीतून होणारी नेहमीची गस्त वाढवली, काही भागांत बंद केली. गुन्ह्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. नंतर न्यूअर्कमध्ये पायी गस्तीचा अभ्यास झाला. तिथेही गुन्हे घटले नाहीत, पण रहिवाशांची भीती कमी झाली. पुढचा सारा वाद समजून घ्यायचा तर हा निष्कर्ष ध्यानात ठेवायला हवा.

या दोन्ही प्रयोगांत सहभागी असलेले जॉर्ज केलिंग यांनी विल्सन यांच्यासोबत मार्च १९८२ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात 'फुटक्या खिडक्यां'चा सिद्धांत मांडला. इमारतीची एक फुटकी खिडकी तशीच राहिली की उरलेल्याही फुटतात, कारण इथे कुणाचे लक्ष नाही हे सगळ्यांना कळते. वस्तीचेही तसेच: बेशिस्त दिसू लागली की लोक घाबरून घरात बसतात, एकमेकांना हटकणे थांबते आणि गुन्हेगाराला मोकळे रान मिळते. म्हणजे मूळ मांडणीत पोलीस हा रहिवाशांच्या स्वतःच्या वचकाला दिलेला टेकू होता.

न्यूयॉर्कमध्ये त्याचा अर्थ मुख्यतः अटक असा झाला. विल्यम ब्रॅटन यांनी १९९० पासून भुयारी रेल्वेत फुकट्या प्रवाशांची धरपकड केली आणि १९९४ मध्ये, महापौर रूडी जुलियानी यांच्या काळात, पोलीस आयुक्त म्हणून तेच धोरण शहरभर नेले. १९९० मध्ये वर्षाला २,२०० च्या वर असलेले खून १९९८ पर्यंत ७०० च्या खाली आले. श्रेय धोरणाला मिळाले. परंतु असे धोरण नसलेल्या शहरांतही त्याच काळात गुन्हे घटले होते.

रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडनबुश यांनी शिकागोतील रस्त्यांचे चित्रीकरण करून १९९९ मध्ये दाखवले की बेशिस्त आणि गुन्हे यांचा थेट संबंध बऱ्याच अंशी क्षीण आहे; दोहोंच्या मुळाशी दारिद्र्य आणि शेजाऱ्यांमधील विश्वासाचा अभाव आहे. दरम्यान न्यूयॉर्कमध्ये रस्त्यात थांबवून झडती घेण्याची पद्धत फोफावली. २०११ मध्ये ६,८५,००० हून अधिक वेळा लोकांना अडवले गेले, त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. ज्या रीतीने ही पद्धत राबवली जात होती ती २०१३ मध्ये संघराज्यीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. नंतर हे प्रमाण झपाट्याने घसरले, तरी खून वाढले नाहीत.

तरीही सिद्धांत सर्वस्वी निकालात निघाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. अँथनी ब्रागा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. रहिवाशांना सोबत घेऊन त्या-त्या जागेची अडचण सोडवणाऱ्या उपक्रमांनी गुन्हे घटले. माणसांवर आक्रमक कारवाई करणाऱ्यांनी लक्षणीय घट झाली नाही. फिलाडेल्फियातील प्रयोगात तर पोलीस नव्हतेच. ओसाड भूखंडांवरचा कचरा काढून गवत व झाडे लावली, बुटके कुंपण घातले. २०१८ च्या अहवालानुसार गरीब वस्त्यांत तिथला बंदुकीचा हिंसाचार सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाला.