अदिस अबाबाची लाइट रेल आणि जिबूतीची रेल्वे: गल्लत कुठे होते?

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, जेमतेम वर्षभराच्या अंतराने विजेवर चालणाऱ्या दोन रेल्वेंची उद्घाटने झाली. दोन्हींसाठी मुख्यतः चीनच्या एक्झिम बँकेने कर्ज दिले, दोन्हींच्या बांधकामात एकच चिनी सरकारी कंपनी होती आणि दोन्हींचे रूळ १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे आहेत. त्यामुळे ‘चीनने इथिओपियात बांधलेली रेल्वे’ असे मोघमपणे लिहिले जाते तेव्हा लिहिणारा नेमका कोणत्या रेल्वेविषयी बोलतो आहे, हे वाचकाला कळत नाही. बरेचदा ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावे, अशी शंका येते.

शहरातली लाइट रेल, म्हणजे शहरांतर्गत प्रवासाची हलकी रेल्वे, २० सप्टेंबर २०१५ रोजी सुरू झाली. तिचे दोन मार्ग आहेत, एक उत्तर-दक्षिण आणि दुसरा पूर्व-पश्चिम. दोन्ही मिळून लांबी सुमारे ३२ किलोमीटर भरते आणि मेस्केल चौकाच्या परिसरात दोन्ही मार्गांच्या गाड्या एकाच उन्नत मार्गावरून धावतात. इतरत्र रूळ बहुतांशी रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या जागी आहेत. यामुळे जमीन संपादनाचा खर्च वाचला असला, तरी पूर्वी कुठूनही रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला आता ठरावीक ठिकाण गाठेपर्यंत बरेच चालावे लागते.

अदिस अबाबा-जिबूती रेल्वेचे काम अगदी निराळे आहे. इथिओपियाला समुद्रकिनारा नाही आणि त्याचा बहुतेक परदेशी व्यापार शेजारच्या जिबूती या देशाच्या बंदरातून होतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये उद्घाटन झालेला आणि जानेवारी २०१८ पासून व्यावसायिक वाहतुकीसाठी खुला झालेला हा सुमारे ७५० किलोमीटरचा मार्ग प्रामुख्याने कंटेनर वाहण्यासाठी आहे. प्रवासी गाड्याही धावतात, परंतु त्यांचे स्थान दुय्यम आहे.

गेज एकच असूनही एकीची गाडी दुसरीच्या मार्गावर चालणार नाही, कारण विजेचा पुरवठा वेगळा आहे. लाइट रेलच्या तारेत ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह (डीसी) असतो. गाडीत जड ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागत नाही, म्हणून डबे हलके राहतात आणि त्यांच्या फरशीचा मोठा भाग खाली घेता येतो. मात्र इतक्या कमी दाबाची वीज लांबवर नेताना फार वाया जाते, त्यामुळे थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे उभारावी लागतात. शहरात ते परवडते, वाळवंटातून जाणाऱ्या लांब मार्गावर नाही. म्हणून जिबूतीच्या मार्गावर २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) आहे, जो आता मुंबईच्या लोकललाही मिळतो.

गोंधळात भर पडते ती शहरातल्या लेगहार या ठिकाणामुळे. फ्रेंचांनी बांधलेली जुनी मीटरगेज रेल्वे १९१७ मध्ये अदिस अबाबात पोहोचली आणि लेगहारचे जुने स्थानक तिचेच आहे. जिबूतीला जाणाऱ्या गाड्या एके काळी तिथूनच सुटत. आज त्या नावाचा थांबा लाइट रेलला आहे, तर जिबूतीची नवी गाडी शहराच्या नैऋत्य कडेला लेबू इथून सुटते. तिथपर्यंत लाइट रेल जात नाही. एकाच काळात आखलेले दोन प्रकल्प प्रवाशाला एकमेकांशी जोडून मिळू नयेत, ही माझ्या मते आराखड्यातली सर्वांत ढोबळ चूक आहे.

दोन्हींच्या अडचणीही एका मापाने मोजता येत नाहीत. लाइट रेलचे तिकीट सुरुवातीला अंतराप्रमाणे २ ते ६ बिर (इथिओपियाचे चलन) इतके स्वस्त ठेवले होते. तिकिटांचे उत्पन्न स्थानिक चलनात आणि सुटे भाग मात्र परकीय चलनात, अशा कोंडीत ४१ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या पुढे डेपोतच उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये पंतप्रधान अबी अहमद यांनी रेल्वेच्या कर्जाची मुदत १० वर्षांवरून ३० वर्षे झाल्याचे जाहीर केले, ती बातमी मात्र जिबूतीच्या रेल्वेची होती. तिचा खर्च सुमारे ४ अब्ज डॉलर होता, तर लाइट रेलचा सुमारे ४७.५ कोटी. या दुसऱ्या आकड्यापुढे ‘देशाला कर्जात बुडवणारी रेल्वे’ असे शब्द आले, तर लिहिणाऱ्याने दोन प्रकल्पांची सरमिसळ केली आहे असे समजावे.