आधी सर्टिफिकेट, मग बस्ता: वागळे इस्टेटच्या बॉक्सिंगमागची गोष्ट

किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर, सावरकरनगर, ठाण्याच्या या पट्ट्यात बॉक्सिंग करणारा पोरगा लग्नाचा झाला की मुलीकडचे एक प्रश्न हमखास विचारतात, "स्टेट खेळलाय का नॅशनल?" बाहेरच्याला वाटतं पोराचं कौतुक चाललंय, पण ती नोकरीची चौकशी असते. हा प्रश्न कुठून आला ते कळल्याशिवाय इथलं बॉक्सिंग कळत नाही आणि इथली लव्हमॅरेजंही कळत नाहीत.

मागे जायचं तर या पट्ट्यातल्या वागळे इस्टेटपर्यंत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जावं लागतं. 1 ऑगस्ट 1962 ला एमआयडीसी सुरू झाली ती इथूनच. इंजिनीअरिंगच्या कंपन्या, औषधांच्या, छपाईच्या, कपड्यांची युनिटं, आणि त्यांच्या मागोमाग सातारा, सांगली, कोकणातून आलेली माणसं, येऊरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढत गेलेल्या खोल्या, कामगार हॉस्पिटल, आयटीआय. कंपनीचा भोंगा झाला की अख्खी वस्ती हलायची. त्या काळात "मुलगा कंपनीत आहे, पर्मनंट आहे" एवढं वाक्य लग्न जमायला पुरायचं, पोरगा काळा का गोरा कोण बघत नव्हतं.

खेळ म्हणाल तर माणसांनी गावाकडून कुस्ती आणि कबड्डी आणली, बॉक्सिंग नाही. मुंबईत बॉक्सिंग आलं ते ब्रिटिशांच्या पलटणी, रेल्वे, पोलीस आणि मिशनरी शाळा यांच्यामार्फत. मुंबई इलाख्याची हौशी बॉक्सिंग संघटना 1925 ची, म्हणजे देशाची संघटना 1949 मध्ये झाली त्याच्या कितीतरी आधीची, आणि भारताचे बॉक्सर पहिल्यांदा ऑलिंपिकला गेले ते 1948 ला लंडनला. पण हे सगळं शहरातलं. आमच्या वस्तीत ते वेगळ्या वाटेने पोचलं, फौजेच्या. सातारा-सांगलीकडे घरटी एक माणूस पलटणीत, आणि पलटणीत गेला की ग्लोव्हज हातात यायचेच. मुरलीकांत पेटकरांचं नाव सगळ्यांना पॅरालिंपिकमुळे माहीत आहे, 1972 ला हायडेलबर्गला पोहण्यात गोल्ड, भारताचं पहिलं, पण सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा माणूस मूळचा फौजेतला बॉक्सर, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या म्हणून पाण्यात उतरला. आमच्याकडे पोरांना पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, शिकवला तोही असाच रिटायर होऊन कंपनीच्या गेटवर वॉचमनला लागलेल्या एका काकांनी. सेकंड शिफ्ट असली की सकाळी ते मोकळे असायचे, म्हणून क्लास सकाळी. आजही आमच्याकडे क्लास सकाळीच भरतो, कारण मात्र आता कुणाला आठवत नाही.

मग 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि तो कधी नीट मिटलाच नाही. गिरणगावातली कितीतरी घरं तिथली खोली विकून ठाणे, कळवा, डोंबिवलीकडे सरकली. इथे आले तर काही वर्षांत इथल्याही कंपन्या बंद पडायला लागल्या, जागेला सोन्याचा भाव, काही कंपन्या बाहेर गेल्या, राहिल्या त्यांनी माणसं कॉन्ट्रॅक्टवर घ्यायला सुरुवात केली. मला वाटतं वस्तीतल्या प्रेमाचं खरं नुकसान तेव्हा झालं. पोरगा कमवत होता पण "पर्मनंट" हा शब्द गेला आणि त्या शब्दाशिवाय पोरीचा बाप दारात उभं करेना.

पर्मनंट नोकरीचं एकच दार उघडं राहिलं, स्पोर्ट्स कोटा. रेल्वे, पोलीस, फौज. पुढे 2005 पासून राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आलं, कुठल्या स्पर्धेत कितवा नंबर त्यावरून कुठल्या गटाची नोकरी मिळू शकते ते ठरतं. आता पोरं बॉक्सिंगलाच का वळली, कबड्डी तर रक्तात होती? कारण कबड्डीला कंपन्यांच्या टीम होत्या, कंपनी गेली तशी टीम गेली. क्रिकेटचं किट परवडत नाही, इथे ग्लोव्हजच्या एका जोडीवर दहा पोरं खेळतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वजनगट. आपल्याकडची पोरं बारीक, 48 किलोच्या गटात जिल्ह्यातून चार-पाचच जण असायचे, दोन फाइट जिंकल्या की डीएसओतून, म्हणजे जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धेतून पुढे, थोडं नशीब असलं की स्टेट. उपाशी राहून, प्लास्टिकचा सूट घालून उपवनपासून येऊरचा चढ पळून पोरं त्या 48 मध्ये बसायची ती हौस म्हणून नाही. (पुढे ऑलिंपिकमधून पुरुषांचा हा सगळ्यात हलका गट गेलाच, टोकियो ऑलिंपिकला पुरुषांची सुरुवात 52 किलोपासून. आमच्यासारख्या वस्तीला याचा किती फटका बसला हे कुणी बोलत नाही, मला राग येतो त्याचा.)

माझा मावसभाऊ त्या पिढीतला, 1994-95 ला सुरुवात केलेला. तेव्हा ठोसे मारायची बॅग विकत घेणं शक्यच नव्हतं. क्लास भरायचा त्या शेडच्या लोखंडी गर्डरला साखळी, साखळीला ताडपत्रीची पिशवी, आत चिंध्या. ती पिशवी शिवली होती समोरच्या चाळीतल्या एका मुलीने. ती रोड नंबर 22 च्या बाजूला एका कपड्याच्या युनिटमध्ये मशीनवर बसायची, चिंध्याही तिथल्याच, कटिंगमधून उरलेल्या, गोणीत भरून आणलेल्या. चिंध्यांच्या बॅगेचं एक आहे, मारून मारून कापड खाली बसतं, तळ दगडासारखा होतो आणि वरचा भाग पोकळ लोंबतो. खाली अपरकट, म्हणजे खालून वर ठोसा मारला तर मनगट जातं. म्हणून महिन्या-दीड महिन्याने बॅग उतरवायची, तोंड उसवायचं, सगळ्या चिंध्या बाहेर काढून पिंजायच्या, परत दाबून भरायच्या आणि दुहेरी टाका घालून तोंड शिवायचं. हे काम दोघं मिळून करायचे, रविवारी दुपारी, शेडचं दार सताड उघडं ठेवून, म्हणजे कुणी काही बोलायला नको. वर्षभर त्यांच्या भेटी म्हणजे एवढ्याच. काकांना सगळं माहीत होतं, ते म्हणायचे बॅग लवकर खाली बसायला लागलीये हल्ली.

मुलीच्या वडिलांची कंपनी तेव्हा नुकतीच बंद झालेली, जात वेगळी, आणि अट एकच, "स्टेटचं मेडल आण, नोकरी लागू दे, मी आडवा येणार नाही." भावाने मेडल आणलं, ब्राँझ. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, 1998 ला, बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये आपला बॉक्सर डिंको सिंगने गोल्ड मारलं आणि शेडमध्ये पेढे वाटले, कारण डिंको नेव्हीत होता, म्हणजे पोरांच्या लेखी गोल्ड आणि नोकरी दोन्ही. भावाचा अर्ज मात्र एका ऑफिसात अडकला. सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. नऊ महिने चकरा मारल्या आणि शेवटी वय उलटलं. मी त्याला तेव्हा रडताना बघितलंय, फायनलमध्ये नाक फुटलं तेव्हा नव्हता रडला.

लग्न तरी झालं. लग्नाच्या रजिस्ट्रारकडे अर्ज, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची 30 दिवसांची नोटीस बोर्डावर, ते 30 दिवस ती मुलगी आमच्याकडे माझ्या आईजवळ राहिली. नोटिशीचे दिवस भरले त्या दिवशी तिचे वडील स्वतः आले, काही बोलले नाहीत, बस्त्याचे पैसे आईच्या हातात ठेवून गेले.

मुलींचं बॉक्सिंग आलं तसं हे गणित परत फिरलं. जगाची पहिली महिला चॅम्पियनशिप 2001 ची, ऑलिंपिकमध्ये बायकांना जागा मिळाली थेट 2012 ला लंडनला, तीही तीनच गटांत, 51, 60 आणि 75 किलो. मेरी कोम त्याआधी 46-48 किलोला वर्ल्ड चॅम्पियन, तिला वजन वाढवून 51 मध्ये यावं लागलं आणि तिथे तिने ब्राँझ घेतलं. लग्न झालेली, जुळ्यांची आई. आमच्याकडच्या आज्यांनी ती फाइट टीव्हीवर बघितली आणि "लग्नानंतर कसलं बॉक्सिंग" हे वाक्य निदान आमच्या घरात तरी तेव्हापासून बंद झालं. भावाची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये. पण त्याच डिसेंबरमध्ये देशाच्या संघटनेवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, मधे एक संघटना झाली आणि मोडली, आत्ताचं फेडरेशन 2016 चं. वर खुर्च्यांची भांडणं चालू होती आणि खाली पोरं कुठल्या संघटनेचं सर्टिफिकेट पडताळणीत चालेल हे विचारत फिरत होती.

ती मुलगी आता चोवीसची आहे, स्टेट खेळलीये, भरतीची तयारी करतेय. मागच्या दिवाळीत एक स्थळ आलं होतं, मुलाकडच्यांनी विचारलं खेळ चालू ठेवणार का. ती हो म्हणाली, मग तिनेच विचारलं, मुलगा पर्मनंट आहे का?

कपड्याच्या त्या युनिटच्या जागी आता काचेची ऑफिस बिल्डिंग आहे. चिंध्या आता किसननगरच्या टेलरांकडून जमवाव्या लागतात. वहिनी अजून महिन्याला रविवारी शेडमध्ये येते, भाऊ साखळी सोडून बॅग खाली घेतो, ती तोंड उसवते.